चारच्या पुढे न जाणारं बटण

पार्सल आणणाऱ्या माणसानं दारातच सांगितलं की सही देसांका गायिन यांचीच लागेल, दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

मिलुतिन गायिन काळा शर्ट घालून दारात उभा होता. चाळीस दिवस वाढवलेली दाढी त्यानं मागच्याच आठवड्यात काढली होती आणि गालांना अजून वारा लागत होता. तो म्हणाला, "ती घरी नाही."

"कधी येतील?"

खोटं बोलायची मिलुतिनला सवय नव्हती आणि खरं कसं बोलायचं ते अजून जमत नव्हतं. "आता येणार नाही," तो म्हणाला.

"हरकत नाही, उद्या येतो." एवढं बोलून त्या माणसानं एकतीस किलोची पेटी पुन्हा खांद्यावर घेतली. लिफ्ट बंद होती. ती पेटी त्यानं आत्ताच तिसऱ्या मजल्यावर चढवली होती, आणि एका सहीसाठी ती तो खाली नेणार, उद्या वर आणणार आणि परवाही तेच करणार, असं त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून झिवान उतरला. झिवान म्हणजे डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटींवर बत्तीस वर्षं वीजतंत्री म्हणून काम केलेला आणि आता इमारतीच्या रहिवासी सभेचा अध्यक्ष. सभेचा शिक्का तो पँटच्या खिशात बाळगायचा. घरात ठेवला तर बायको त्याचा दुरुपयोग करेल अशी त्याला भीती होती; कसा करेल ते त्यानं कधी सांगितलं नाही. त्यानं पार्सलवाल्याला विचारलं, खाली दरवाजावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवलाय, फोटोसकट, तो वाचलास का? पार्सलवाल्यानं टोपी काढली, मिलुतिनचा हात हातात घेतला, दुःख झाल्याचं सांगितलं, टोपी घातली आणि म्हणाला की सही तरीही लागेल.

शेवटी झिवाननं पावतीवर लिहिलं, 'मालकीण मयत, माल पोचला', आणि शिक्का मारला. शिक्का बघून पार्सलवाल्याचं समाधान झालं. पांचेव्हो शहरात शिक्का बघून समाधान झालं नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

पेटी उघडली आणि मिलुतिन खुर्चीवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा खुर्ची मागे होती म्हणून वाचला.

आत ॲम्प्लिफायर होता. जुन्या रेडिओत असत तशा, तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्वचा, हातानं बनवलेला, सुबोतित्सा शहरातल्या त्या छोट्या कारखान्यातला, जिथं वर्षाला साठ नग निघतात आणि नंबर लावून वर्षभर थांबावं लागतं. सहा वर्षांपूर्वी बेलग्रेडच्या प्रदर्शनात मिलुतिननं असाच एक पाहिला होता. अर्धा तास त्यासमोर उभा होता, देसांका त्याचा कोट हातात धरून मागे उभी होती. मग त्यानं किंमत विचारली, कोट घातला आणि दोघं स्टेशनवर आली. त्यानंतर त्यानं त्या वस्तूचं नाव काढलं नव्हतं. ती वस्तू आता देसांकाच्या नावावर त्याच्या बैठकीत येऊन पडली होती, आणि देसांकाला जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते.

झिवाननं व्हॉल्व मोजले. खालच्या मजल्यावरची स्मिल्या चप्पल न घालताच वर आली होती, तिनं हात जोडून छताकडे पाहिलं. मिलुतिननं डोळे पुसले, चष्मा लावला, आणि पुढचा धक्का बसला. यंत्र तिरकं होतं.

मिलुतिननं चौतीस वर्षं विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलं होतं. पट्ट्यावरून दिवे यायचे, हा बघायचा. दिव्याच्या बुडाची टोपी केसभर कलली असली की उचलायचा आणि बाजूच्या खोक्यात टाकायचा: बाद. इतकी वर्षं हे केलं की माणूस मग चर्चमध्येही घुमट सरळ आहे का ते आधी बघतो. लग्नाच्या फोटोत देसांकाच्या डोक्यावरचा मुकुट तिरका आहे हे त्यानं तिला लग्नानंतर अकराव्या दिवशी सांगितलं होतं. ती त्यावर पुढची चाळीस वर्षं अधूनमधून बोलत असे.

तर ॲम्प्लिफायरच्या दर्शनी बाजूला कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी होती, ती डावीकडे उतरती होती. पुढच्या पत्र्याला आठ स्क्रू होते, त्यांपैकी सात काळे आणि आवाजाच्या बटणाखालचा एक पिवळा. आणि ते बटण त्यानं यंत्र चालू न करता नुसतं फिरवून पाहिलं, तर ते शून्यापासून निघालं आणि चारवर येऊन ठक्क थांबलं. भोवती आकडे दहापर्यंत कोरले होते. त्यानं जरा जोर लावला. चार. बोटं पुसून पुन्हा लावला. चार.

"सहा आकडे फुकट गेले," झिवान म्हणाला.

"डबा उघडताना खिडकी उघडी होती का?" स्मिल्यानं विचारलं. खिडकी उघडी होती आणि दारही. "मग वाऱ्याचा झोत लागला. समोरासमोरचा वारा माणसाची मान धरतो, तर बटणाचं काय."

यंत्र आधीच अडकलेलं आलं असेल असं मिलुतिन म्हणाला, तर झिवाननं सांगितलं की गाडीतही झोत लागू शकतो. हा मुद्दा त्याला आणि स्मिल्याला, दोघांनाही पटला आणि जूनच्या उकाड्यात त्यांनी मिलुतिनच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या.

त्या बंद खोलीत घाम पुसत मिलुतिननं स्वतःशी एक गोष्ट ठरवली. आयुष्यभर त्यानं हजारो वस्तू बाद केल्या होत्या. ही करायची नाही. देसांकानं दिलेली ही शेवटची वस्तू, ती दुरुस्त झाली पाहिजे आणि याच घरात राहिली पाहिजे. वर्ष संपलं की पहिल्या दिवशी ती पूर्ण वाजली पाहिजे, दहाच्या दहा आकडे.

कारण वर्ष संपेपर्यंत ती वाजवता येणार नव्हती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर संगीत नाही. हा नियम मिलुतिनला मान्य होता, आणि नसता तरी स्मिल्या खालीच राहत होती. ती आणि देसांका तीस वर्षं रोज सकाळी एकत्र कॉफी प्यायल्या होत्या; त्यामुळे देसांकाच्या दुखवट्याचं व्यवस्थापन आपोआप स्मिल्याकडे आलं होतं. मिलुतिन एकदा शिट्टी वाजवत भांडी घासत होता, तर तिनं खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं होतं.

पेटीत एक हमीपत्र निघालं आणि तक्रारीचा छापील कागदही. कारखानदारानं यंत्राबरोबरच तक्रारीचा कागद पाठवावा हे मिलुतिनला प्रामाणिकपणाचं वाटलं. झिवानला ते संशयास्पद वाटलं. नियम असे होते: तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी, तक्रार खरेदीदारानं स्वतः करावी. आणि सातवा प्रश्न होता: 'दोष कोणतं संगीत वाजवताना जाणवला?'

मिलुतिन त्या प्रश्नासमोर दोन दिवस बसला. सहा महिने डिसेंबरमध्ये संपत होते आणि वर्ष एप्रिलमध्ये. संगीत लावलं तर दुखवटा मोडतो आणि नाही लावलं तर हमी संपते. शेवटी त्यानं 'कोणतंच नाही' असं लिहून कागद पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: 'यंत्र ऑर्डरप्रमाणे आहे. ऑर्डरचा तपशील फक्त खरेदीदाराला सांगता येईल. नावाच्या पट्टीबद्दल दिलगीर आहोत, तपास चालू आहे. प्रश्न सात भरावा.'

ऑर्डरप्रमाणे! मिलुतिनला एवढा संताप आला की त्यानं ते पत्र झिवानच्या दारावर जाऊन वाचून दाखवलं. म्हणजे देसांकानं चारवर अडकणारं यंत्र मागवलं असं हे लोक म्हणतायत? साडेतीन तास कोबीचा रोल शिजवला तरी तो मधून कच्चा तर नाही ना म्हणून प्रत्येक रोल उघडून बघणारी बाई, ती अर्धं यंत्र घेईल? त्यानं सुबोतित्साला फोन केला. तिथल्या बाईंनी अगदी मऊ आवाजात सांगितलं की त्यांना फार वाईट वाटतं, पण खरेदीदारानं फोन करावा.

"ती स्मशानात आहे," मिलुतिन म्हणाला.

बाईंनी सांत्वन केलं. मग म्हणाल्या की तसं असेल तर वारसाचा कागद लागेल.

वारसाचा कागद नोटरीकडे मिळतो. नोटरीच्या कचेरीत मिलुतिन जुलैत तीनदा आणि ऑगस्टमध्ये दोनदा गेला. तिथल्या कारकून बाईंनी मृताच्या मालमत्तेची यादी करायला घेतली. फ्लॅटचा अर्धा हिस्सा. शिवणयंत्र. इथपर्यंत ठीक चाललं होतं. तिसऱ्या ओळीवर मिलुतिननं सवयीनं 'ॲम्प्लिफायर, सदोष' असं सांगितलं, आणि चौतीस वर्षांची ती सवय त्याला फार महागात पडली. कारण सदोष असेल तर दोषाचा दाखला हवा. तो दाखला कारखाना देणार. कारखाना तो फक्त वारसाला देणार. आणि वारस कोण ते यादी पूर्ण झाल्यावर ठरणार. मिलुतिननं हे बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

या सगळ्या काळात यंत्र बैठकीतल्या काचेच्या कपाटावर होतं. ते तिथं बसावं म्हणून कपाटावरचे देसांकाचे चोवीस पेले काढून पलंगाखाली ठेवावे लागले होते, त्यांपैकी आता एकवीस उरले होते. उघडं यंत्र स्मिल्याला बघवेना. बोडकी वस्तू घरात बरी दिसत नाही म्हणून तिनं स्वतः विणलेला जाळीचा रुमाल आणून व्हॉल्ववर पसरला. देसांका असती तर तिनंही हेच केलं असतं, असं ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी झिवान वीज तपासायला म्हणून आला आणि त्यानं बटण न फिरवता यंत्र नुसतं चालू केलं. अर्ध्या तासानं रुमालावर चार गोल तपकिरी वर्तुळं उमटली आणि घरभर जळक्या सुताचा वास पसरला. स्मिल्यानं रुमाल उजेडात धरून पाहिला आणि कारखान्यावर आपलीही एक तक्रार आहे, ती जोडून पाठवा, असं सांगितलं.

पण त्या जळण्यातून एक फायदा झाला. यंत्र चालतंय हे सिद्ध झालं. आता ते वाजवून प्रश्न सात तेवढा भरायचा होता, म्हणजे झिवानच्या मते निम्मी लढाई जिंकल्यासारखी होती. त्यानं सुचवलं की संगीत नको, नुसता एक सूर लावू, यंत्रं तपासायला लावतात तसा, सलग, पोंऽऽ करून. एका सुराला संगीत कोण म्हणेल? स्मिल्या म्हणाली, ती म्हणेल. वाद वाढला. शेवटी स्मिल्याच डोक्याला रुमाल बांधून चर्चमध्ये गेली आणि पाद्रीबाबांकडून निकाल घेऊन आली: एक सूर असेल तर हरकत नाही, दुसरा आला तर मला येऊन विचारा. पण दुसऱ्या सुराच्या भीतीनं मिलुतिननंच माघार घेतली. त्याला ते यंत्र पहिल्यांदा पोंऽऽ करताना ऐकायचं नव्हतं.

मग झिवानलाच आठवलं. दुपारी बारा वाजून गेल्यावर रेडिओवर गावोगावची नद्यांची पातळी सांगतात. त्यात सूर नाही, ताल नाही. आनंद तर अजिबात नाही. स्मिल्यानंही बराच विचार करून परवानगी दिली.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी तिघं खिडक्या बंद करून बसली. झिवाननं रेडिओची वायर आणि मिलुतिनचे जुने स्पीकर जोडले होते. मिलुतिननं बटण हळूहळू चारवर नेलं, आणि निवेदक बाई खोलीत आल्या. दुसरं काही म्हणता येणार नाही. त्या कपाटाच्या डावीकडे उभ्या होत्या, त्यांनी कागद उलटल्याचं ऐकू आलं, बोलण्याआधी त्यांनी ओठ ओले केले तेही ऐकू आलं. "डॅन्यूब," त्या म्हणाल्या. "बेझदान, दोनशे चौदा, उतार सहा. आपातिन, दोनशे ऐंशी, उतार चार."

स्मिल्यानं नकळत केस नीट केले.

आपातिनचं नाव येताच झिवान उठून उभा राहिला होता. आपातिनजवळ एका हिवाळ्यात त्याची बोट कमी पाण्यामुळे एकोणीस दिवस गाळात रुतली होती. ही हकीकत त्यानं इमारतीत सगळ्यांना सांगितली होती, दर वेळी हसत. आता तो हसला नाही. बाई स्मेदेरेव्होपर्यंत पोचल्या तेव्हा त्यानं खिशातून रुमाल काढला, त्यात शिक्का गुंडाळलेला होता, तो खाली पडून कपाटाखाली गेला.

"एवढं जवळ आलं पाणी," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं त्यावर होतो, पण एवढं जवळ नव्हतं."

चारवर जर हे असं असेल तर दहावर काय असेल, एवढंच मिलुतिनच्या डोक्यात होतं. त्याचा राग दुप्पट झाला. प्रश्न सातच्या उत्तरात त्यानं लिहिलं: 'डॅन्यूब, तिसा आणि सावा. तिन्ही नद्यांना चारच्या पुढे जाता आलं नाही.' खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. शिक्का मात्र कपाटाखाली होता आणि कपाट हलवायचं तर यंत्र उतरवायला हवं होतं, त्यामुळे त्यात तीन दिवस आणि आणखी दोन पेले गेले.

या शिक्क्यानं नोटरीकडचं कोडंही सुटलं. 'दोष रहिवासी सभेनं प्रत्यक्ष ऐकला आहे' असा दाखला झिवाननं दिला, कारकून बाईंनी तो बोटानं चाचपून पाहिला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी मिलुतिन आपल्या बायकोचा कायदेशीर वारस ठरला. ज्या दिवशी तो कागद हातात आला त्या दिवशी त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तो बसस्टॉपवर उभा राहून कागद वाचत होता आणि 'कै. देसांका' पाशी आला की पुन्हा पहिल्या ओळीवर जात होता. दोन बस गेल्या.

कागद सुबोतित्साला पाठवला. हमीला आठ दिवस राहिले असताना एका सकाळी दाराची घंटा वाजली.

दारात एक उंच, वाकलेला माणूस होता, हातात पत्र्याची छोटी पेटी. त्यानं नाव सांगितलं, तिहोमिर. यंत्र त्यानंच बनवलं होतं. स्मिल्या बाजारात गेली होती आणि झिवान दाताच्या डॉक्टरकडे, त्यामुळे पाहुणा कोण आहे हे इमारतीला कळायला त्या दिवशी चक्क दुपार उजाडली.

मिलुतिननं कॉफी ठेवली आणि प्लमच्या दारूचे दोन छोटे पेले भरले. दोघांनी गेलेल्या माणसासाठी चार थेंब आधी बाजूला सांडले. मग मिलुतिननं भाषणाला सुरुवात केली. ते त्यानं सहा महिने तयार केलं होतं. त्यात चौतीस वर्षांचा कारखाना होता, सात काळे आणि एक पिवळा स्क्रू होता, आणि चार नंतर सहा आकडे कोरणाऱ्या माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीबद्दल एक जरा लांब वाक्य होतं.

तिहोमिरनं ते पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "पट्टी तिरकी आहे ती माझी चूक. नवी आणलीय. बाकीचं तुमच्या पत्नीनं सांगितलं तसं केलंय." आणि कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं घडी केलेला कागद काढला. "वारसाचा कागद आल्याशिवाय दाखवता येत नव्हता. माझी बायको, फोनवर होती ती, नियमाची फार पक्की आहे."

तो ऑर्डरचा कागद होता. खाली 'विशेष सूचना' अशी जागा होती आणि तिथं देसांकाचं अक्षर होतं, वाण्याच्या यादीतलंच, टेकत टेकत काढलेलं.

'बटण चारच्या पुढे जाऊ देऊ नये. माझा नवरा आवाज मोठा करतो आणि मग त्याला दाराची घंटा ऐकू येत नाही. आत्तापर्यंत दार मी उघडत होते. एक स्क्रू वेगळ्या रंगाचा लावावा. त्याला काहीतरी सापडायला लागतं.'

मिलुतिननं तारीख पाहिली. गेल्या वर्षीचा मार्च, नऊ तारीख. त्या दिवशी देसांका पडद्याचं कापड बघायला बेलग्रेडला जाते म्हणून सकाळी गेली होती आणि अंधार पडल्यावर रिकाम्या हातानं आली होती. कापडच पसंत पडलं नाही म्हणाली. आदल्या दिवशी ती इस्पितळातून आली होती आणि पित्त आहे म्हणाली होती. पडदे का नाही आणले म्हणून तो तिच्यावर थोडा चिडलाही होता.

"चार कसं ठरवलं?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच तिरका वाटला.

"ऐकून," तिहोमिर म्हणाला. "त्या दिवसभर कारखान्यात बसल्या होत्या. मी एकेका आकड्यावर वाजवायचो आणि माझी बायको बाहेर थंडीत उभी राहून घंटा दाबायची. दहा, नऊ, आठ. पाचपर्यंत त्या मान हलवत होत्या, नाही येत म्हणून. चारवर म्हणाल्या, आली. मग त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि हात चोळून दिले."

मिलुतिन उठून खिडकीपाशी गेला. जूनपासून बंद असलेली खिडकी त्यानं उघडली. दार मागे उघडंच होतं, झोत सरळ त्याच्या मानेवर आला आणि तो तिथंच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं तिहोमिरनं पेटीतून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. पिवळा स्क्रू काढला की आतली खीळ निघते, बटण दहापर्यंत जातं, मिनिटाचं काम आहे, असं त्यानं सांगितलं. मालक आता तुम्ही आहात. "काढू?"

सहा महिने ज्यासाठी घालवले ते एका मिनिटात होणार होतं. मिलुतिन यंत्राकडे आला आणि त्यानं पिवळ्या स्क्रूवर बोट ठेवलं. चांगला बसवला होता. खाच अगदी आडवी, केसभरही कललेली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "पास आहे."

मग नवी पट्टी लावायला घेतली. ती लावून झाल्यावर दोघांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिली. ती उजवीकडे उतरती होती. तिहोमिरचा चेहरा इतका पडला की मिलुतिननं त्याला दुसरा पेला भरून दिला आणि जुनीच पट्टी परत लावायला सांगितली. तिची निदान सवय झाली होती.

तक्रार मागे घेतली एवढंच त्यानं इमारतीत सांगितलं. का, ते सांगितलं नाही. झिवानला जबर धक्का बसला. शिक्का मारलेली तक्रार मागे घेतात हे त्याला माहीतच नव्हतं. तो आठवडाभर मिलुतिनशी फक्त बाराच्या सुमाराला, नद्यांपुरतं बोलला. कारखान्यानं पैसे चारले असणार असं चौथ्या मजल्यावर ठरलं. स्मिल्याचं म्हणणं होतं की झोताचं दुखणं असंच असतं, डॉक्टर हात टेकतात.

एप्रिल आला. वर्षाच्या दिवशी सकाळी सगळी स्मशानात गेली, मेणबत्त्या लावल्या, साखर आणि अक्रोड घातलेला उकडलेला गहू चमचा चमचा वाटला. पाद्रीबाबांनी मिलुतिनला बाजूला घेऊन हळूच विचारलं की त्या सुराचं पुढे काय झालं. दुपारी घरी येऊन मिलुतिननं काळा शर्ट काढून घडी केला आणि निळा घातला. तंबुरित्सा हे तारांचं वाद्य वाजवणाऱ्या एका जुन्या ताफ्याची रेकॉर्ड त्यानं काढली. देसांकाला ती आवडायची असं नाही. रेकॉर्ड लावली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

त्यानं बटण फिरवलं. चारवर ठक्क झालं. तारा वाजायला लागल्या आणि तो डोळे मिटून बसला.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर घंटा वाजली. स्वच्छ ऐकू आली. मिलुतिन दचकला, आणि मग जागेवरच थांबला, दार कुणी उघडतंय का ते ऐकत. कुणी उघडलं नाही. तेव्हा तो उठला.

दारात स्मिल्या होती, कॉफीचं भांडं फडक्यात धरून. मिलुतिनला वाटलं काही नियम चुकला. वर्षात एखादा दिवस कमी पडला का, म्हणून त्यानं मनात पुन्हा मोजलं.

"नाही हो, नियम काही चुकला नाही, भावजी," स्मिल्या म्हणाली. "खाली नीट ऐकू येत नाही. तिच्या वेळी कसं सगळं यायचं, कप हलायचे माझे. जरा वाढवा की."

"चारच्या पुढे जात नाही."

"म्हणजे वर्ष झालं आणि अजून दुरुस्त नाही झालं?"

"दुरुस्तच आहे," मिलुतिन म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला. "आत या."